जनावरांतल्या जिवाणूंमधील प्रतिरोध माणसांपर्यंत कसा पोचतो, आणि औषध थांबवल्यावर तो ओसरतो का?

प्रश्न दोन भागांत विचारला गेला आहे. कोंबडीच्या किंवा डुकराच्या आतड्यातले जिवाणू माणसाच्या आतड्यात सहसा फार काळ तग धरत नाहीत, मग जनावरांत वाढलेला प्रतिजैविकांचा प्रतिरोध माणसाला आजारी पाडणाऱ्या जिवाणूंपर्यंत पोचतो कसा, हा पहिला भाग. आणि जनावरांना ते औषध देणे बंद केले तर हा प्रतिरोध ओसरतो का, हा दुसरा. वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत हे दोन्ही प्रश्न वारंवार समोर येतात, आणि त्यांच्या उत्तरांत गोंधळ होण्याचे कारण बहुधा एकच असते: आपण जिवाणूचा माग काढत बसतो आणि प्रवास मात्र जनुकाचा चाललेला असतो.

जिवाणू औषधाला दाद देईनासा होतो तो दोन प्रकारे. त्याच्या स्वतःच्या गुणसूत्रात उत्परिवर्तन होते आणि औषध जिथे जाऊन चिकटते ती जागाच बदलते. असा बदल प्रामुख्याने त्या जिवाणूच्या वंशजांकडे जातो, शेजाऱ्याकडे तो सहजी जात नाही. दुसऱ्या प्रकारात जिवाणूला बाहेरून आयते जनुक मिळते, आणि ते औषध फोडणारे विकर, औषध पेशीबाहेर फेकणारा पंप किंवा औषधाचे लक्ष्य झाकणारे प्रथिन तयार करून देते. माणूस आणि जनावरे यांच्यातील देवाणघेवाणीचा विचार करताना मुख्यतः हा दुसरा प्रकार महत्त्वाचा ठरतो. ही जनुके आपल्या औषधांमुळे जन्माला आली, असे मात्र नव्हे. सुमारे ३०,००० वर्षे गोठून राहिलेल्या जमिनीतून काढलेल्या डीएनएमध्ये टेट्रासायक्लिन आणि व्हॅन्कोमायसिन यांसारख्या औषधांना प्रतिरोध देणारी जनुके सापडल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. आज मूत्रमार्गाच्या संसर्गात सतत भेटणारे, सेफोटॅक्झिमसारखी प्रतिजैविके निकामी करणारे सीटीएक्स-एम जनुक मुळात क्लुय्वेरा नावाच्या एका बिनमहत्त्वाच्या जिवाणूच्या गुणसूत्रावर निमूटपणे बसलेले होते. औषधांच्या वापराने मुख्यतः हे केले की अशा जनुकांना जागेवरून उठवून फिरते करणारी जी दुर्मिळ घटना एरवी कुणाच्या लक्षातही आली नसती, तिला कमालीची किंमत मिळवून दिली.

जनुक एका जिवाणूतून दुसऱ्यात जाण्याचे तीन मार्ग पाठ्यपुस्तकांत दिलेले असतात. मेलेल्या जिवाणूचा मोकळा डीएनए दुसऱ्याने शोषून घेणे, ज्याची पहिली खूण फ्रेडरिक ग्रिफिथ यांना १९२८ मध्ये न्यूमोकॉकसवरील प्रयोगांत दिसली. जिवाणूंवर जगणाऱ्या विषाणूंनी, म्हणजे फाजांनी, चुकून यजमानाचा डीएनए भरून पुढच्या जिवाणूत नेणे. आणि दोन जिवंत जिवाणूंच्या प्रत्यक्ष संपर्कातून होणारे संयुग्मन. पहिल्या दोन मार्गांचे महत्त्व विशिष्ट जिवाणूंपुरते मोठे आहे. स्टॅफिलोकॉकससारख्या जिवाणूत फाज बराच माल इकडून तिकडे करतात. परंतु आतड्यातल्या जिवाणूंमध्ये आणि माणूस-जनावर या सीमेवर ज्याचा बोलबाला आहे ते संयुग्मनच, म्हणून पुढचा भर त्यावरच आहे.

संयुग्मनात देणाऱ्या जिवाणूजवळ प्लाझ्मिड असते, म्हणजे गुणसूत्राव्यतिरिक्त स्वतंत्रपणे प्रती काढणारे डीएनएचे वर्तुळ. या वर्तुळावरच संपर्क साधण्याची सगळी यंत्रणा लिहिलेली असते. ठरावीक जागी एक विकर वर्तुळाच्या दोन धाग्यांपैकी एकाला चीर देते, तो एकेरी धागा दोन पेशींना जोडणाऱ्या प्रथिनांच्या नळीतून पलीकडे जातो आणि दोन्ही पेशींत त्याचा जोडीदार धागा नव्याने बांधला जातो. देणाऱ्याचे काहीच कमी होत नाही आणि घेणारा तत्काळ देणारा बनू शकतो. ज्यांच्यावर ही पूर्ण यंत्रणा नसते अशी लहान प्लाझ्मिडेही शेजारच्या मोठ्या प्लाझ्मिडाची नळी वापरून निसटतात, आणि ही फुकटी मंडळी संख्येने कमी नसतात.

प्रयोगशाळेत हे दाखवणे अगदी सोपे आहे. रुग्णाच्या लघवीतून निघालेला, सेफोटॅक्झिमला दाद न देणारा ई. कोलाय (आतड्यात राहणारा एक जिवाणू) आणि सोडियम अझाइड या जिवाणूंना रोखणाऱ्या रसायनात तग धरणारा, पण सेफोटॅक्झिमने मरणारा प्रयोगशाळेतला ई. कोलाय एकाच द्रव माध्यमात रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी थोडे मिश्रण ज्या तबकडीत अझाइड व सेफोटॅक्झिम दोन्ही घातले आहेत तिच्यावर पसरायचे. दोघांपैकी कोणीही एकटा त्या तबकडीवर वाढत नाही. ते तपासण्यासाठी दोघांच्या वेगळ्या तबकड्या शेजारी ठेवाव्याच लागतात. मिश्रणाच्या तबकडीवर मात्र, ई. कोलाय ज्यावर गुलाबी दिसतो त्या मॅककॉन्की माध्यमात, गुलाबी वसाहती उगवलेल्या दिसतात. म्हणजे रुग्णाच्या जिवाणूतले जनुक प्रयोगशाळेतल्या जिवाणूत गेले. खरी पाहण्यासारखी गोष्ट यानंतरची आहे. त्यातली एक वसाहत उचलून तिची इतर औषधांवर चाचणी घेतली की पुष्कळदा ती जेन्टामायसिन, को-ट्रायमोक्झॅझोल आणि टेट्रासायक्लिन यांनाही जुमानत नाही असे आढळते. यांपैकी एकही औषध तबकडीत नव्हते. आपण निवड एका जनुकाची केली आणि हाती चार आली. पुढे दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात याच गोष्टीकडे परत यावे लागेल.

ही चार जनुके एकत्र असण्याचे कारण त्यांच्या रचनेत आहे, आणि ती रचना एकात एक बसणाऱ्या डब्यांसारखी असते. सगळ्यात आत जनुक. ते बरेचदा इंटेग्रॉन नावाच्या पट्ट्यात इतर जनुकांच्या शेजारी खोवलेले असते. इंटेग्रॉन ट्रान्सपोझॉनवर असतो, जो एका डीएनएवरून उठून दुसऱ्या डीएनएवर जाऊन बसू शकतो. ट्रान्सपोझॉन प्लाझ्मिडावर, प्लाझ्मिड जिवाणूत आणि जिवाणू माणसाच्या वा जनावराच्या आतड्यात. प्रत्येक थर आपल्या परीने हलतो. काही प्लाझ्मिडे जवळच्या नात्यातल्या जिवाणूंपलीकडे जात नाहीत, परंतु त्यांच्यावरचा ट्रान्सपोझॉन वाटेत भेटलेल्या दुसऱ्या, अधिक फिरत्या प्लाझ्मिडावर उडी मारतो आणि प्रवास पुढे चालू राहतो. २००२ साली अमेरिकेतील मिशिगनमध्ये व्हॅन्कोमायसिनला पूर्णपणे प्रतिरोधक असा स्टॅफिलोकॉकस ऑरियस प्रथम सापडला, तेव्हा त्यातले हा प्रतिरोध देणारे व्हॅन-ए जनुक एंटेरोकॉकस या आतड्यातल्या जिवाणूमधल्या ओळखीच्या ट्रान्सपोझॉनवरच बसलेले होते आणि त्याच रुग्णाच्या शरीरात व्हॅन्कोमायसिनरोधक एंटेरोकॉकसही मिळाला होता.

हा प्रतिरोध एका जातीतून दुसऱ्या जातीत जाऊ शकतो हे आपल्याला प्रथम जपानने शिकवले. तिथे १९५० च्या दशकात आमांशाच्या साथींतील शिगेला जिवाणू एकाच वेळी चार-चार औषधांना प्रतिरोधक निघू लागले आणि त्याच रुग्णांच्या आतड्यांतील ई. कोलायमध्येही तोच संच सापडू लागला. चार स्वतंत्र उत्परिवर्तने एकाच वेळी आणि तीही दोन वेगवेगळ्या जातींत होण्याची शक्यता जवळजवळ शून्य. १९५९ मध्ये जपानी संशोधकांनी हा संच दोन जातींमध्ये संपर्कातून हस्तांतरित होतो हे प्रयोगाने दाखवले.

आता आतड्याकडे वळू, कारण पोषक द्रवातला प्रयोग म्हणजे आतडे नव्हे. माणसाच्या मोठ्या आतड्यात दर ग्रॅममागे सुमारे १०० अब्ज जिवाणू असतात आणि त्यांत ई. कोलाय हा अल्पसंख्य असतो. बाहेरून आलेल्या जिवाणूला तिथे जागा मिळवणे अवघड जाते, आणि प्रश्नकर्त्याचा आक्षेप नेमका इथेच आहे. तो बरोबरच आहे. डेन्मार्कमध्ये निरोगी स्वयंसेवकांना कोंबडी व डुकराच्या मांसातून मिळवलेले प्रतिरोधक एंटेरोकॉकस दिले गेले, तेव्हा ते विष्ठेत काही दिवस, फार तर दोन आठवडे, दिसले आणि मग नाहीसे झाले. परंतु त्याच देशातल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासात कोंबडीतला व्हॅन-एधारी एंटेरोकॉकस आणि माणसातला संवेदनशील एंटेरोकॉकस सहा स्वयंसेवकांना एकत्र दिले, आणि त्यांपैकी तिघांच्या आतड्यात ते जनुक माणसाच्या जिवाणूत गेलेले सापडले. पाहुणा निघून गेला तरी सामान मागे राहू शकते, ते असे. काही दिवसांचा मुक्काम या कामाला पुरतो. त्या काळात आतड्याला सूज असेल तर काम आणखी सोपे होते: उंदरांवरील प्रयोगांत साल्मोनेलामुळे आलेल्या दाहाने साल्मोनेला आणि ई. कोलाय या दोघांची संख्या एकदम वाढली आणि त्यांच्यातले प्लाझ्मिडाचे हस्तांतरणही कितीतरी पटींनी वाढले.

शेतावर काय घडते याचा गाजलेला प्रयोग स्टुअर्ट लेव्ही यांनी अमेरिकेत केला आणि १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. कोंबड्यांच्या खाद्यात अल्प प्रमाणात ऑक्सिटेट्रासायक्लिन मिसळल्यावर आठवडाभरातच त्यांच्या आतड्यातले जवळजवळ सगळे ई. कोलाय टेट्रासायक्लिनला प्रतिरोधक झाले. पाच ते सहा महिन्यांत त्या शेतावर राहणाऱ्या माणसांच्या विष्ठेच्या नमुन्यांपैकी सुमारे ३१ टक्के नमुन्यांत बहुसंख्य जिवाणू प्रतिरोधक निघाले, तर शेजाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. घरातल्या माणसांनी ते औषध घेतलेले नव्हते.

माझ्या मते मात्र याहून पटणारा पुरावा पूर्व जर्मनीतला आहे, आणि तो त्या मानाने कमी सांगितला जातो. तिथे १९८३ पासून डुकरांच्या वाढीसाठी खाद्यातून नॉर्सिओथ्रिसिन देऊ लागले. हे औषध माणसांना कधीच दिले जात नव्हते, आणि त्याआधी त्याला प्रतिरोध जवळजवळ आढळतही नव्हता. काही वर्षांतच त्याला प्रतिरोध देणारे सॅट जनुक आधी डुकरांच्या ई. कोलायमध्ये, मग डुकरे सांभाळणाऱ्यांत, त्यांच्या कुटुंबीयांत, पुढे डुकरांशी काहीही संबंध नसलेल्या लोकांच्या मूत्रमार्गाच्या संसर्गात आणि शेवटी शिगेलामध्ये सापडले. शिगेला हा माणसाचा आणि वानरवर्गाचा जिवाणू; डुकराच्या पोटात त्याचा संसार नसतो. म्हणजे डुकरातला जिवाणू माणसात येऊन स्थिरावला एवढ्यावर हे भागत नाही. माणसाच्या शरीरात जनुकाने जिवाणू बदलला असल्याशिवाय ते शिगेलापर्यंत पोचूच शकत नव्हते. माणसांतल्या वापराचा संशय आधीच दूर झालेला असल्यामुळे असा स्वच्छ पुरावा पुन्हा मिळणे कठीण.

संपूर्ण जनुकक्रम वाचण्याचे तंत्र हाती आल्यावर चित्र अधिक गुंतागुंतीचे झाले. नेदरलँड्समध्ये कोंबड्यांतले आणि रुग्णांतले सीटीएक्स-एमधारी ई. कोलाय जुन्या, ढोबळ पद्धतींनी एकसारखे दिसत होते, आणि त्यावरून कोंबडीचे मांस हे थेट उगमस्थान मानले जात होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांचे पूर्ण क्रम वाचले, तेव्हा ते जिवाणू परस्परांपासून डीएनएच्या हजाराहून अधिक अक्षरांनी वेगळे निघाले. ते एकमेकांचे अलीकडचे नातेवाईक नव्हतेच. परंतु त्यांच्यातली प्लाझ्मिडे जवळपास तंतोतंत सारखी होती. उलट डुकरे पाळणारे शेतकरी आणि त्यांचीच डुकरे यांच्यात मात्र जिवाणूसुद्धा तोच होता. या एका अभ्यासावरून दोन्ही बाजूंच्या लोकांनी आपापल्या सोयीचा निष्कर्ष काढला आहे, ‘मांसाचा काही संबंध नाही’ असाही आणि ‘मांस हेच कारण’ असाही. दोन्ही घाईचे आहेत. सारखे प्लाझ्मिड सापडणे म्हणजे दोन्ही ठिकाणांच्या जिवाणूंमध्ये कधीतरी, थेट किंवा मधल्या टप्प्यांनी, देवाणघेवाण झाली आहे एवढेच. ती कोणत्या दिशेने झाली आणि किती वर्षांपूर्वी झाली, हे त्या सारखेपणातून आपोआप कळत नाही.

दिशा उलटीही असते. डुकरांमधल्या मेथिसिलिनरोधक स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा एसटी३९८ हा वंश डुकरांकडून शेतकऱ्यांकडे येतो म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु २०१२ मधील जनुकक्रमांच्या अभ्यासानुसार तो मुळात माणसातला, मेथिसिलिनने मरणारा जिवाणू होता. तो जनावरांत गेल्यावर त्याने टेट्रासायक्लिन आणि मेथिसिलिन यांचा प्रतिरोध मिळवला, माणसाच्या प्रतिकारशक्तीला चुकवणारी फाजातली जनुके गमावली आणि मग तो माणसांत परतला.

औषधाची भूमिका केवळ निवड करण्यापुरती नाही, हेही इथे सांगायला हवे. संवेदनशील जिवाणू मारून प्रतिरोधकाला मोकळे रान मिळवून देणे हे त्याचे सर्वांना माहीत असलेले काम. आणि त्यासाठी औषधाची मात्रा मारक असावी लागते असेही नाही, मारक पातळीच्या कितीतरी खालच्या प्रमाणातही प्रतिरोधकाला आघाडी मिळते. शिवाय काही औषधे हस्तांतरणाला प्रत्यक्ष चेतवतात. बॅक्टेरॉइडीज या आतड्यातल्या बहुसंख्य जिवाणूंमध्ये टेट्रासायक्लिनचा प्रतिरोध देणारे टेट-क्यू जनुक वाहणारा फिरता डीएनए टेट्रासायक्लिनची चाहूल लागताच शंभर ते हजार पटींनी अधिक हस्तांतरित होतो. पटकीच्या जिवाणूत सिप्रोफ्लॉक्सॅसिनमुळे डीएनए दुखावला की त्याच्या दुरुस्तीची जी धावपळ सुरू होते, तीच प्रतिरोधाच्या एका फिरत्या घटकाला गुणसूत्रातून सुटून पुढे जायला मोकळे करते. खाद्यातून दीर्घकाळ दिली जाणारी अल्प मात्रा मला उपचारासाठी चार-पाच दिवस दिलेल्या पूर्ण मात्रेपेक्षा अधिक चिंतेची वाटते, ती याच कारणाने.

आता दुसरा प्रश्न. प्रतिरोधाचे जनुक सांभाळायला जिवाणूला खर्च येतो, म्हणून औषध थांबले की ते आपोआप जाईल, असा साधा हिशेब पूर्वी मांडला जात असे. ब्रिटनमध्ये १९९१ ते १९९९ या काळात सल्फोनामाइड या जुन्या औषधाचा वैद्यकीय वापर ९७ टक्क्यांनी घटला. लंडनमधील एका रुग्णालयातील ई. कोलायमध्ये मात्र त्याचा प्रतिरोध सुमारे ४० टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेला. ते जनुक इतर प्रतिरोध जनुकांच्या शेजारी त्याच प्लाझ्मिडांवर होते, आणि ती इतर औषधे वापरात होतीच. प्रयोगशाळेतल्या तबकडीवर दिसलेली गोष्ट इथे सगळ्या लोकसंख्येत घडत होती.

याचेच जनावरांतले उदाहरण डेन्मार्कचे. व्हॅन्कोमायसिनचे भावंड असलेले अ‍ॅव्होपार्सिन हे वाढवर्धक, म्हणजे जनावरांच्या वाढीसाठी खाद्यातून दिले जाणारे औषध, तिथे १९९५ मध्ये बंद झाले. कोंबड्यांतले व्हॅन्कोमायसिनरोधक एंटेरोकॉकस झपाट्याने कमी झाले, डुकरांतले मात्र हलले नाहीत. शोध घेतल्यावर डुकरांतल्या जिवाणूंमध्ये व्हॅन-ए आणि मॅक्रोलाइड गटाचा प्रतिरोध देणारे जनुक एकाच प्लाझ्मिडावर असल्याचे, आणि डुकरांना मॅक्रोलाइड गटातले टायलोसिन अजून वाढवर्धक म्हणून मिळत असल्याचे आढळले. १९९८ मध्ये टायलोसिनचा तो वापर थांबल्यावर डुकरांतही घट दिसली. नॉर्वेतल्या कोंबड्यांमध्ये याहून चमत्कारिक प्रकार आढळला: तिथे असे दुसरे औषध नसूनही व्हॅन-ए वर्षानुवर्षे टिकले, कारण त्या प्लाझ्मिडावर विष आणि उतारा अशी जनुकांची जोडी होती. विष टिकाऊ आणि उतारा अल्पायुषी असतो, त्यामुळे जी कन्यापेशी प्लाझ्मिड गमावते ती उतारा संपताच मरते. प्लाझ्मिड स्वतःची अशी सोय करून ठेवत असेल तर बाहेरच्या औषधाची गरजच उरत नाही. याशिवाय खाद्यात घातलेले तांबे आणि जस्तही अप्रत्यक्षपणे हीच निवड करू शकतात; एसटी३९८ मध्ये जस्त सहन करण्याचे जनुक मेथिसिलिनरोधाच्या त्याच तुकड्यावर बसलेले सापडते. केवळ औषधांची यादी तपासून शेत ‘औषधमुक्त’ ठरवणाऱ्यांच्या नजरेतून धातू नेमके सुटतात.

तरीही उत्तर ‘नाही’ असे नाही, आणि कोलिस्टिन या प्रतिजैविकाचे उदाहरण त्यासाठी पाहावे. त्याला प्रतिरोध देणारे, प्लाझ्मिडावरचे एमसीआर-1 जनुक चीनमधून नोव्हेंबर २०१५ मध्ये जगासमोर आले. २०११ ते २०१४ या काळात गोळा केलेल्या ई. कोलायपैकी कत्तलीच्या जनावरांतल्या सुमारे २१ टक्के, कच्च्या मांसातल्या सुमारे १५ टक्के आणि रुग्णालयात दाखल रुग्णांतल्या साधारण १ टक्का जिवाणूंत ते होते. जनावरांत जास्त आणि माणसांत कमी ही उतरंड, तसेच जनुकाशेजारी डुकरांच्या फुप्फुसरोगाच्या जिवाणूत पूर्वी ओळखला गेलेला एक उडता घटक, यांवरून प्रवासाची मुख्य दिशा बऱ्यापैकी स्पष्ट होती. चीनने एप्रिल २०१७ अखेर कोलिस्टिनचा वाढवर्धक म्हणून वापर थांबवला. डुकरांच्या ई. कोलायमधला कोलिस्टिनचा प्रतिरोध २०१५–१६ मधल्या ३४ टक्क्यांवरून २०१७–१८ मध्ये सुमारे ५ टक्क्यांवर आला, आणि एमसीआर-1 वाहणाऱ्या माणसांचे प्रमाणही २०१६ मधल्या सुमारे १४ टक्क्यांवरून २०१९ मध्ये सुमारे ६ टक्क्यांवर उतरले.

इथे घट इतक्या लवकर का दिसली याची कारणे मला दोन वाटतात. एमसीआर-1 जिवाणूच्या बाह्य आवरणातच बदल करते आणि त्याची किंमत जिवाणूला वाढीत मोजावी लागते. आणि कोलिस्टिनच्या निवडीचा मुख्य रेटा खाद्यातूनच येत होता, तो जवळजवळ एकदम थांबला. सल्फोनामाइडच्या बाबतीत यांपैकी काहीच नव्हते. म्हणूनच एखादे औषध बंद केल्यावर प्रतिरोध किती वर्षांनी ओसरेल असे कोणी विचारले, तर त्या जनुकाच्या शेजारी प्लाझ्मिडावर आणखी काय बसले आहे, त्यांपैकी कोणती औषधे वा धातू त्या शेतावर अजून चालू आहेत आणि प्लाझ्मिडाला स्वतःची विष-उताऱ्याची जोडी आहे का, हे पाहिल्याशिवाय मी आकड्यात उत्तर देत नाही.